राखाडी घराच्या चौकटी

या, जरा जवळ सरका. सतरंजीचा तो कोपरा रिकामाच आहे, तिथं टेका. बुवा हातपाय धुऊन चहा घेताहेत, कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर आमच्या गावातल्या एका घराची गोष्ट सांगतो. घराला रंग दिला, एवढीच गोष्ट. पण ऐका.

आमचं गाव वणीच्या रस्त्यावर. कोळशाचे ट्रक रात्रंदिवस जातात. ताडपत्री बांधली तरी भुकटी उडतेच, आणि कुठं बसायचं हे तिला कोणी सांगत नाही. देवाच्या तसबिरीवर बसते, दुधाच्या सायीवर बसते. रस्त्याला लागूनच पुंडलिकरावांचं घर. पुंडलिकराव म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे जुने टाळकरी. मुलगा मारोती दिवसभर शेतात, नात समीक्षा शाळेत, आणि घर सगळं सुनेच्या, वच्छलाबाईच्या अंगावर.

त्या घराच्या भिंती तिच्या सासूनं हौसेनं रंगवून घेतलेल्या. बाहेरची खोली पिवळी, माजघर गुलाबी, स्वयंपाकघर निळं. वच्छलाबाई कापूस वेचायला जाण्याआधी भिंती पुसायची आणि आल्यावर परत पुसायची. बोट फिरवलं की बोट काळं. त्यात ती सालं कापसाची वाईट. भाव पडलेला, म्हणून लोकांनी कापूस न विकता घरातच रचलेला. हिच्याही माजघरात आढ्याला टेकेल असा पांढरा ढीग. त्याच्या कडेनं अंग चोरून चालायचं, त्याच्या खाजेनं रात्री तळमळायचं आणि त्यावर भुकटी बसू नये म्हणून खिडकीला पोती लावायची.

पौषात एके दिवशी पुसता पुसता ती खालीच बसली.

"मी नाई पुसत आता," ती समीक्षाला म्हणाली. "भुकटीच्याच रंगाची करून टाकतो भिंत. मंग बसू दे तिले किती बसते ते."

पदराच्या गाठीत चिमूटभर भुकटी बांधून ती वणीला गेली. दुकानदारासमोर गाठ सोडली. "याच्यासारखा रंग पायजे. काळा नको, पांढरा नको, मधला."

"कोणत्या खोलीले, बाई?"

"साऱ्या."

"साऱ्या राखाडी? घर हाय का पोलीस ठाणं?"

"तुमी डबे द्या जी."

मायलेकींनी मिळून घर रंगवलं. कापसामागची भिंत तेवढी गुलाबी राहिली. शेजारची तानाबाई दारात उभी राहून म्हणाली, "अवो, राख फासली का घराले? बैरागी झालं न तुहं घर!"

"होऊ दे. बैराग्याच्या मांगं कामं नसतात."

आणि खरंच, भुकटी भिंतीवर बसायची ती दिसायचीच नाही. फडकं खुंटीला अडकलं ते अडकलंच. वच्छलाबाई दुपारची घटकाभर आडवी व्हायला लागली.

माघात मिळेल त्या भावानं कापूस गेला. माजघर रिकामं झालं. उरलेली गुलाबी भिंतही तिनं राखाडी करून टाकली.

तेव्हापासून पुंडलिकराव भजनाला येईनात. एकादशीला त्यांचा टाळ तसाच पडून राहिला. मी घरी गेलो तर खाटेवर बसलेले.

"काहून जी, रुसले का देवावर?"

"गुडघे धरले, बावा. जाय तू."

मी आपला परत आलो. खोटं बोलताहेत हे कळलं नाही मला.

पुढं एका दुपारी तांब्या गडगडल्याच्या आवाजानं वच्छलाबाईला जाग आली. बघते तर सासरा माजघरात, दोन्ही तळवे भिंतीला लावून, पावलापावलानं सरकतोय.

"मामाजी, काय शोधून राह्यले?"

"दार."

"कोणतं?"

"कोणतंबी. एक सापडलं का बाकीचे सापडतीन."

तिला आधी हसू आलं. मग दिसलं की दार त्यांच्यापासून हातभर अंतरावर आहे, आणि ते तोंड करून उभे आहेत भिंतीकडं.

"तुमाले दिसत नाई?"

"रंग दिसते, बाई. निव्वळ रंग. पिवळ्यातून निंघालं का आंगण. निळ्यात गेलं का पाण्याचा माठ. तू रंग देल्ला, तरी कापसाच्या पांढऱ्यावर भागवलं मी. आता सारं एकच झालं."

"डोयाचं आप्रेशन झालतं न?"

"झालतं. पण आतला पडदा आधीच गेलता म्हणे. सांगून काय करू? घरात कापसाचं दुखणं कमी होतं का?"

"आन् ती शेवटची गुलाबी भिंत रंगवतानी? तवा तरी बोलाचं होतं!"

म्हाताऱ्यानं पायानं तांब्या चाचपून बाजूला सारला.

"दुपारी तू घोरत होती, वच्छले. या घरात आली तवापासून पयल्यांदा आयकलं. म्हटलं, घोरू दे."

वच्छलाबाई तिथंच बसली. तांब्यातलं पाणी तिच्या लुगड्याखाली पसरत गेलं, तरी उठली नाही. पुन्हा पिवळं, गुलाबी, निळं करायचं म्हणजे पुन्हा फडकं. भिंती तिनं बदलल्या नाहीत. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. कोणाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत, मी ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातलाच चुना, गेरू आणि नीळ काढली. अंगणाच्या दाराभोवती वीतभर रुंद चुन्याचा पट्टा ओढला, माजघराच्या दाराला गेरूचा, स्वयंपाकघराच्या दाराला निळीचा.

"एवढंच जमते मले, मामाजी."

"एवढंच पायजे, बाई."

पण भुकटी ती भुकटीच. चार दिवसांत पट्टे मळले. वच्छलाबाईनं सुस्कारा टाकून खुंटीवरचं फडकं काढलं. खाटेवरून हात पुढं आला.

"ते इकडं दे."

तेव्हापासून रोज सकाळी पुंडलिकराव चौकटी पुसतात. आधी निळी, मग गेरूची, मग चुन्याची. फार घासायचं नाही, नाहीतर रंगच निघतो. नुसतं कोरडं फडकं हलकेच फिरवायचं. एक दार सापडलं की पुढचं दिसतं. शेवटचं पुसून होतं तेव्हा ते अंगणात असतात. तिथून समीक्षा हात धरते आणि देवळात आणून सोडते.

ते पाहा, खांबाशी टाळ घेऊन बसलेत ते. मघाशी विचारलं मी त्यांना, सूनबाई नाही का आली? तर कानाशी येऊन म्हणाले, "निजली हाय. दार लोटून आलो."

बुवा उठले वाटतं. आता सगळे हात जोडतील, तुम्हीही जोडा. देवाचं नाव घ्याल तेव्हा त्याला लागूनच एकदा आमच्या वच्छलाबाईची आठवण काढा. मनातल्या मनात काढा, म्हणजे झालं. झोपू द्या तिला.