नात्याचा रकाना

“दिसलं ते बघायचं, सांगितलं ते लिहायचं, सील लावलं की हात मागे घ्यायचा. डोकं चालवायला वर साहेब आहेत.”

मुद्देमालाच्या खोलीची किल्ली हातात देताना रामनाथ हवालदारांनी एवढंच सांगितलं होतं. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. चंद्रा हवालदार आज सकाळपासून तेच शब्द मनात घोळवत रजिस्टरची तीच तीन पानं उलटत बसली होती. समोर प्रयोगशाळेचा अहवाल होता, पाच ओळींचा. त्यातल्या चार तिला धड कळल्या नव्हत्या, पाचवी मात्र लख्ख कळली होती. नमुना क्रमांक तीन देणारी बाई ही मृताची जैविक माता नाही.

वळ गावातल्या गोदामाला आग लागली त्याला सत्तावीस दिवस झाले होते. आत तीन हमाल सापडले, पण कोण कोणता ते ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यात हजेरीच्या वहीत नावं चार. चौथा बदलीवर आलेला परप्रांतीय. तो आगीआधीच निघून गेला की आत राहिला, हे कोणालाच छातीठोक सांगता येईना. मग तीन घरांतल्या माणसांचं रक्त घेतलं. दोघांचं जुळलं, त्यांचे लोक त्यांना घेऊन गेले. तिसरा अजून इस्पितळाच्या शवागारात होता. अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरची राहीबाई म्हणत होती की तो तिचा देवू. अहवाल म्हणत होता, नाही.

चंद्राच्या मनात पहिला विचार आला तो स्वतःचाच. आपल्याच हातून चिठ्ठ्या बदलल्या का? तीन घरं, एकच टेबल, बाहेर रडारड. शिवाय त्या दिवशी तिची एकादशी होती. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. वीस वर्षांत एक एकादशी चुकली नव्हती आणि उपास कधी अंगावर आला नव्हता. पण त्या दिवशी एखादा क्षण डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर? देवासाठी धरलेल्या उपासानं कोणाचं मूल हरवावं, हे तिला पटत नव्हतं, आणि मनातून जातही नव्हतं.

फौजदार उन्नती मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की नव्या कायद्यानं आता सगळ्याचं चित्रीकरण असतं, रडत बसण्यापेक्षा बघू या. दोघींनी संगणकावर ते तीनदा बघितलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं, चंद्रानं चिठ्ठी डकवली, राहीबाईचा अंगठा घेतला, लाख वितळवून सील लावलं. चिठ्ठी कुठेही बदलली नव्हती. नातं विचारलं तेव्हा राहीबाई म्हणाली होती, माझा पोरगा. चंद्रानं नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, आई.

“म्हणजे ताई, चूक तुमची नाही,” उन्नती मॅडम म्हणाल्या. “एक तर तो देवू नाही, नाही तर ही त्याची आई नाही.”

मोठ्या साहेबांना दुसरीच शंका होती. बाईला कोणी तरी शिकवून पाठवलंय, असं त्यांचं म्हणणं. शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर मृतदेह बेवारस म्हणून पालिकेच्या ताब्यात द्यायचा आणि बाईला खोट्या माहितीबद्दल नोटीस काढायची. पालिका बेवारस प्रेत जाळून टाकते. पाड्यावरची माणसं आपलं माणूस पुरतात, हे चंद्राला ठाऊक होतं. साहेबांनी तिलाच पाड्यावर जायला सांगितलं.

राहीबाईच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. तिची जाऊ रूपा उकिडवी बसून त्यातला कचरा वेचत होती. राहीबाईनं चंद्राला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर मातीत बसली. देवूला कधी ताब्यात देणार, हे विचारायलासुद्धा तिनं घाई केली नाही.

चंद्रानं कसंबसं सांगितलं. रक्त जुळत नाही. राहीबाई ऐकत राहिली. चंद्राला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. चंद्रानं पुन्हा सांगितलं.

“माझं रगत खराब झालंय का, बाय?”

“नाय गो. रक्त चांगलं हाय तुझं.”

“मंग?” राहीबाई आपल्या दंडाकडे बघू लागली, जिथून रक्त घेतलं होतं तिथे. मग म्हणाली, “त्याला बकरीचं दूध पाजलं मी. माझ्या अंगाला न्हवतंच. त्याच्यानं न्हाय जुळत का?”

दुधाचा आणि याचा काही संबंध नाही, असं सांगायला चंद्रानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पलीकडे मोहाच्या फुलांवरचे रूपाचे हात थांबले होते. मग ती उठली आणि टोपली तिथेच टाकून झोपडीच्या मागे गेली.

“राहीबाय,” चंद्रानं हळूच विचारलं, “देवू तुझ्याकडं कवा आला?”

“पाचवीच्या दिशी,” राहीबाई म्हणाली. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. तिची तीन पोरं पाळण्यातच गेली. रूपाला चौथा झाला तेव्हा पाचवीच्या दिवशी गावदेवाच्या दगडापुढे रूपानं तो तिच्या ओटीत घातला आणि बोल दिला की याला कधी माझा म्हणणार नाही. चोवीस वर्षं रूपानं तो बोल पाळला. त्याला हाक मारायची झाली तरी ती ‘राहीचा’ म्हणायची. पाड्यावरही त्याविषयी कोणी बोललं नाही. रूपाचा नवरा पाच वर्षांमागे वारला, तोही न बोलताच.

“म्हंजे तो माझाच हाय ना?” राहीबाईनं विचारलं. ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

चंद्रालाही आता कळेनासं झालं होतं. शहाण्या माणसानं सरळ झोपडीमागे जाऊन रूपाला चार गोष्टी सांगितल्या असत्या. पण देवाला दिलेला शब्द म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती उठली आणि झोपडीमागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “जिनं पोटात वाढवला तिचं रक्त लागतं. शनवारच्या आत दिलं तर निकाल येईतो त्याला जाळणार नायत. शुक्रवारी मी इस्पितळात बसून राहीन.”

दोन दिवस ती देवापुढे दिवा लावून हात जोडत होती, पण मागायचं काय ते सुचत नव्हतं. रूपानं यावं असं म्हणावं, तर ते तिनं शब्द मोडावा असं मागण्यासारखंच. येऊ नये म्हणावं, तर देवू बेवारस जळणार. शेवटी ती नुसतीच हात जोडून उठायची.

शुक्रवारी अकरा वाजता दोघी आल्या. बाकावर एकमेकींपासून जरा अंतर ठेवून बसल्या. आत घेतल्यावर उन्नती मॅडमनी मोबाइल स्टँडवर लावला आणि फॉर्म वाचायला सुरुवात केली. नाव, वय, राहणार. रूपानं सगळं सांगितलं.

“मयताशी नातं काय?”

मॅडमनी पुन्हा विचारलं. रूपानं बाही आणखी वर सरकवली आणि हात पुढे केला. रक्त द्यायला ती आली होती, तेवढंच. मॅडमनी समजावलं की हे सांगावंच लागतं, नाही तर प्रयोगशाळा नमुना धरत नाही. डॉक्टर सुई धरून ताटकळले. रूपा भिंतीकडे बघत राहिली.

दाराशी उभी असलेली राहीबाई आत आली आणि मोबाइलसमोर येऊन उभी राहिली.

“लिव बाय,” ती चंद्राला म्हणाली. “तिच्या पोटचा हाय. मी सांगतंय, तिनं न्हाय सांगितलं. बोल माझ्यापाशी व्हता, मीच सोडला.”

मग मॅडमनी चंद्राकडे बघितलं. असं चालतं का? चंद्राला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत असा प्रश्न आला नव्हता आणि कुठल्या परिपत्रकात तो असेल असंही तिला वाटत नव्हतं.

“मॅडम, रकान्यापुढं रूपाबायचा अंगठा घेऊ,” ती म्हणाली, “आणि राहीबायला साक्षीदार घालू. नाकारलं तर तवा बघू.”

तिनं लिहिलं, आई. तीन आठवड्यांपूर्वी राहीबाईच्या कागदावर हाच शब्द याच पेनानं लिहिताना हात जसा चालला होता, तसा आज चालला नाही. रूपानं अंगठा उठवला. रक्त घेऊन झालं. अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत रूपा बाहेर गेली, आणि जाता जाता तिनं राहीबाईच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

राहीबाई तिथेच घोटाळत होती.

“माझा कागुद फाडणार का आता?”

“नाय. फाडत नायत तो. दोन्ही फायलीत राहतात.”

“राहू दे मंग,” राहीबाई म्हणाली. तिचा जीव जरासा खाली पडल्यासारखा दिसला. चंद्रा नळी बर्फाच्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवून लाख लावेपर्यंत ती सगळं बघत राहिली. मग म्हणाली, “हा डबा भुईवर ठेवतात का, बाय?”

“का गो?”

“ठेवू नको. त्याचंच रगत ना ते. देवू आमच्या भुईत जाईल तवाच ते भुईला लागू दे.”

डबा गाडीच्या मागच्या बाजूला, पायाशी ठेवायची पद्धत. असं काही कबूल करण्याचा चंद्राला अधिकारही नव्हता. रक्त जुळेल का, आणि असा फॉर्म प्रयोगशाळेतला साहेब धरेल का, हेही तिला माहीत नव्हतं.

“हाव,” ती म्हणाली. “नाय ठेवणार.”

दुपारी पावणेदोनला जीप निघाली. चालकानं मागचं दार उघडून धरलं. ती पुढे जाऊन बसली आणि डबा मांडीवर घेतला. अंजूरफाट्याला कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली. बर्फाचं पाणी फटीतून झिरपून खाकी पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली. चालक म्हणाला, ताई, मुंबईपर्यंत पाय आखडतील, खाली ठेवा की.

“चल तू,” चंद्रा म्हणाली, आणि दोन्ही हात डब्याभोवती घट्ट धरून समोर बघत राहिली.