संघातली आठवी

दिनकरने आरीने टोपलीचं बूड कापून काढलं आणि टोपली डोळ्यांसमोर धरून आरपार पाहिलं. लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या टोपलीवाल्याने बुडाशिवाय विणायला साफ नकार दिला होता. "साहब, फिर इसमें रखेंगे क्या?" असं त्याने विचारलं, तेव्हा दिनकरने त्यालाही कॉर्फबॉलचा, म्हणजे खांबावरच्या टोपलीतून चेंडू आरपार टाकायच्या खेळाचा, सगळा इतिहास ऐकवला होता.

हा इतिहास त्याच्या संशोधन संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. १९०२ साली ॲमस्टरडॅमच्या एका शाळामास्तरांनी मुलं-मुली एकत्र खेळतील असा खेळ काढला. संघात चार पुरुष, चार बायका. चेंडू घेऊन पळायचं नाही, समोर कोणी अडवत असेल तर टोपलीकडे फेकायचा नाही. एकट्याच्या मर्दुमकीला वावच नाही. खेळ बेल्जियम, इंग्लंड असा पसरत गेला आणि १९७८ साली त्याची जागतिक स्पर्धाही झाली. त्याच वर्षी प्रशिक्षणासाठी हॉलंडला गेलेल्या दिनकरने तो पाहिला आणि पुरता वेडा झाला. "बायका-पुरुष बरोबरीने!" हे सांगताना पाच वर्षांनीही त्याचा आवाज चढायचा. त्याच वेळी सरोज, त्याची बायको, बहुधा पाहुण्यांसाठी चहा घेऊन येत असे.

उद्या, रविवारी, कानपूरचा संघ येणार होता आणि दिनकरच्या संघातल्या, आलमबागच्या हेमाला तिच्या भावाने ऐन वेळी अडवलं होतं. चौथी बाई मिळाली नाही तर लखनौचा पहिलावहिला सामना रद्द. दिनकरने सायकलवरून सगळं विकास नगर पालथं घातलं. घरी परतला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या, संघातल्याच मीनाक्षीने गॅलरीतून विचारलं,

"दिनकरराव, वहिनींना विचारलंत का?"

"सरोजला?" तो हसला. "अहो, तिचा काय संबंध?"

अंगणात सरोज वाळलेले कपडे काढत होती. तिने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

सकाळी, कानपूरवाल्यांची माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवत, दिनकरने संघाची वही उघडली. आठव्या जागी नाव होतं: सरोज. अक्षर तिचंच. ती पायरीवर बसून कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. अंगात मीनाक्षीचा सलवार-कमीज.

"नियम माहीत आहेत तुला?"

"पाच वर्षं ऐकतेय की."

दिनकरने तिला चढाईच्या अर्ध्या भागात, मीनाक्षीबरोबर ठेवलं. तिथे ती झाकली जाईल असा त्याचा हिशेब. स्वतः तो बचावाच्या भागात राहिला. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही, हा नियम. त्यामुळे पलीकडे चेंडू असताना त्याला नुसतं उभं राहून पाहणं भाग होतं.

कानपूरची उंच मुलगी सरोजसमोर हात पसरून उभी होती. सरोजने चेंडू मीनाक्षीकडे परत दिला, दोन पावलं बाजूला सरकली, तो पुन्हा घेतला आणि दोन्ही हातांनी खालून वर सोडला. साडेतीन मीटर उंचीवरच्या टोपलीच्या काठालाही न लागता तो आरपार गेला. योगायोग, असं दिनकरला वाटलं. मग दुसरा गेला, तसाच.

"रोज खालून माझ्या गॅलरीत लिंबं फेकतात त्या," मीनाक्षी तिकडून ओरडली. "एकही खाली पडलेलं नाही आजवर!"

हॉलंडमध्ये पाहिलेले सगळे खेळाडू दिनकरला एकदम फिके वाटू लागले. अठरा वर्षं ही बाई त्याच्या घरात होती, आणि तो जगभर बरोबरीचं सांगत फिरत होता.

दोन गोल झाले की दोन्ही भागांतल्या खेळाडूंनी जागा बदलायच्या. शिट्टी झाली. मधल्या रेषेवर ती समोर आली.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," सरोज म्हणाली. "आता व्हा पुढे. सगळे थांबलेत."

चढाईच्या भागात पहिलाच चेंडू त्याच्या हातात आला. समोर अडवायला कोणी नव्हतं. त्याने टोपलीकडे पाहण्याआधी मागे वळून पाहिलं. मघाशी तो जिथे उभा होता तिथेच, रेषेपाशी, सरोज उभी होती. तिने एक पाऊल डावीकडे, अशी बोटाने खूण केली.

तो डावीकडे सरकला.