संक्रांतीचा कौल

प्रश्न कसा विचारावा हे आभाला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका पाहणी करणाऱ्या कंपनीत ती वर्षानुवर्षं तेच करत होती. साबण असो की विमा, लोकांच्या दारात जाणारी प्रत्येक प्रश्नावली आधी तिच्या टेबलावरून जायची. एखाद्या नव्या मुलीने ‘आमची सुधारलेली सेवा तुम्हाला किती आवडली?’ असं लिहून आणलं की आभाचा पारा चढे. “सुधारली हे तूच ठरवलंस, आवडली हेही तूच ठरवलंस. मग त्या माणसाचा वेळ कशाला खातेस? घरीच बसून भर ना फॉर्म!” असल्या प्रश्नाला त्यांच्या धंद्यात सूचक प्रश्न म्हणतात. उत्तर पोटात घेऊनच तो दारात येतो, आणि समोरच्याने फक्त मान हलवायची असते. आभाने असे शेकडो प्रश्न लाल शाईने खोडले होते.

म्हणून तर मराठी मंडळाचा चिटणीस सिद्धेश तिच्याकडेच आला. सिद्धेश बँकेतला अधिकारी, कोल्हापूरहून बदली होऊन कोलकात्यात आलेला. दोन वर्षांत माणूस मंडळात असा मुरला होता की जणू मंडळाच्या भवानीपूरमधल्या दुमजली इमारतीची पहिली वीट त्यानेच लावली असावी. त्याचं म्हणणं साधं होतं. वरच्या खोलीत रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. त्याऐवजी तिथे रोबॉटिक्सचा वर्ग सुरू करावा, असं काही पालकांना वाटतं. खोली एक, सकाळ एक. तेव्हा सभासदांचा कौल घ्यावा आणि काय तो निर्णय करावा.

“प्रश्नावली तुम्ही करा, आभाताई. तुमचा तर हा धंदाच आहे,” तो म्हणाला. मग जरा घुटमळला. “पण त्याआधी काकूंना एकदा विचारून घ्या. त्यांना काय हवंय ते.”

काकू म्हणजे शारदाकाकू, आभाची आई. मराठीचा वर्ग तीच चालवत होती, आभा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून. सिद्धेशचं बोलणं ऐकून आभाच्या कपाळावर आठी पडली. आईला विचारून घ्या म्हणे! म्हणजे आई भिडेखातर ‘तुमची मर्जी’ म्हणणार, आणि हा खोली घेऊन मोकळा होणार. सुंठीवाचून खोकला गेला. आभा “बघते” म्हणाली आणि आईला तिने काहीच विचारलं नाही.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन पडेना. बेहालातल्या घरापासून न्यू टाउनला जाणारी बस म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं. एरवी ती खिडकीशी बसून डुलकी काढी. आता ती मोबाइलवर प्रश्न लिही आणि पुसून टाकी. एकदा तर उतरायचा थांबाच मागे गेला, आणि उन्हातून उलटं चालत यावं लागलं.

खरा प्रश्न कोणता, हे तिला पक्कं माहीत होतं. ‘गेल्या तीन महिन्यांत तुमचं मूल किती रविवारी वर्गाला आलं?’ बस, एवढाच. ऑफिसात ती नव्या मुलींकडून घोकूनच घ्यायची, मत विचारू नका, वागणं विचारा. भाजी रोज खावी असं वाटतं का म्हटलं तर सगळेच हो म्हणतात. काल रात्री ताटात काय होतं ते विचारा. आणि मराठी मंडळींच्या ताटात काय होतं तेही आभाला ठाऊक होतं. दर रविवारी ती आईला वर्गाला सोडायला जायची. चार मुलं यायची. कधी दोन. सतरंजी मात्र अजून तीच अंथरली जायची, पन्नास मुलं मावतील एवढी.

हा प्रश्न विचारला असता तर वर्ग त्याच दिवशी बंद झाला असता.

आणि वर्ग बंद झाला तर आईचं काय, याची आभाला भीती वाटत होती, नुसती काळजी नव्हे. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर आई जी खिडकीशी बसली ती उठेचना. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. शेवटी मंडळातल्या बायका घरी आल्या, हाताला धरून तिला उठवलं आणि नेऊन वर्गात बसवलं. तिथे एका पोराने पाटीवर ‘ळ’ उलटा काढला आणि आई महिन्याभरात पहिल्यांदा हसली. ते हसू आभाने दारातून पाहिलं होतं. त्या खोलीवर कोणी हात टाकायला आलं, तर ती धंद्याची सगळी नीती गुंडाळून ठेवायला तयार होती.

आणि तिने ती ठेवलीच.

सिद्धेश म्हणत होता, मोबाइलवर फॉर्म पाठवू, नाव नको, लोक मोकळेपणाने लिहितील. अगदी बरोबर होतं त्याचं. आभा म्हणाली, “आपल्या वयस्कर मंडळींना ते जमायचं नाही. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला सगळे येतातच, तिथे हातात कागद देऊ. नावासकट.” सिद्धेशने मान डोलावली. त्या बिचाऱ्याला काय कल्पना! मराठी माणसाने वर्षातून एक दिवस गोड बोलायचं ठरवलंय, आणि आभाने पाहणीसाठी नेमका तोच दिवस निवडला होता.

मग प्रश्न. पहिला, ‘आपल्या मातृभाषेचा आपल्याला अभिमान वाटतो का?’ दुसरा, ‘आपल्या मुलांना आजीशी मराठीत बोलता यावं असं आपल्याला वाटतं का?’ आणि तिसरा, ‘अनेक दशकं निःस्वार्थपणे चाललेला मराठीचा वर्ग पुढेही चालू राहावा का?’ दोनदा हो म्हटलेल्या माणसाच्या तोंडून तिसऱ्यांदा नाही निघत नाही. ‘सांगता येत नाही’ असा पर्याय तिने ठेवलाच नाही. रविवारांचा प्रश्न तिने चौथा म्हणून लिहिला, पुसला, परत लिहिला. छापायला देताना कायमचा पुसला.

ऑफिसातल्या एखाद्या मुलीने हे करून आणलं असतं तर आभाने तिला उभं सोललं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. चहाच्या टपरीवर उभं राहून तिने तो कागद पुन्हा वाचला आणि चहा तसाच टाकून दिला.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला होता. कोलकात्याची थंडी ती काय, पण हौसेने शाली-स्वेटर बाहेर पडले होते. आईने तिळगूळ केला होता तो इथल्या नोलेन गुडाचा, खजुराच्या रसाच्या नव्या गुळाचा. घरात दोन दिवस त्याचाच वास होता. दाराशी उभी राहून ती प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत होती, आणि तिच्या शेजारी उभी राहून आभा कागद देत होती. लोक लाडू तोंडात टाकत, काकूंकडे बघून हसत आणि पेन काढत. ज्यांची मुलं वर्षभरात एकदाही वर्गाकडे फिरकली नव्हती, तेसुद्धा “हे काय विचारायचं झालं? वर्ग हवाच!” असं मोठ्याने म्हणत खूण करत होते. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. आभाचं मन एकीकडे हरखत होतं आणि दुसरीकडे पायाखालची वाळू सरकल्यासारखं वाटत होतं. ती सारखी जागा बदलत राहिली. दाराशी, टेबलाशी, पुन्हा दाराशी.

निकाल तिथेच वाचला. नऊ जण सोडले तर अख्खा हॉल वर्गाच्या बाजूने. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी उत्साहाच्या भरात जाहीर केलं की काकू, आता निदान पाच वर्षं तुम्हाला सुट्टी नाही! आणि आईच्या खांद्यावर शाल घातली. आई हसली. सिद्धेश टाळ्या वाजवत होता, पण बघत होता आभाकडे, आणि त्या बघण्याने आभाला उगाचच टोचल्यासारखं झालं. हरला म्हणून चिडला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

परतीच्या टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. शाल तिने घडी घालून मांडीवर ठेवली होती. तारातलाच्या चौकाअलीकडे गाड्या तुंबल्या आणि टॅक्सी जागीच उभी राहिली.

“नऊच जण ना?” आई म्हणाली.

“नऊच! विचार कर, एवढ्या हॉलमध्ये!”

“भले लोक.”

आभाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “कोण भले?”

“ते नऊ जण.” आईने बाहेर बघतच सांगितलं, “सिद्धेशला कौल घे म्हणून मीच सांगितलं होतं. रोबॉटिक्सचंही मीच सुचवलं. पेपरात वाचलं होतं.”

पुढच्या बसने हॉर्न दिला. मागच्यांनीही दिला.

“प्रेमाचा दुसरा डोळाही गेल्यातच जमा आहे,” आई म्हणाली. प्रेमलतामावशी आईची धाकटी बहीण, वाईला एकटी राहायची. “हाताला धरून न्हाणीत न्यायला बाई ठेवलीय, ती दुपारी निघून जाते. दर फोनला विचारते, ‘ताई, येतेस का गं?’ मी म्हणते, वर्ग आहे. चार पोरांचा वर्ग! स्वतःचीच लाज वाटते मला.”

“मग सोडायचास ना वर्ग!”

“कोणत्या तोंडाने सोडू? तुझे बाबा गेले तेव्हा याच लोकांनी मला हाताला धरून तिथे नेऊन बसवलं. ते विसरू? जो भेटतो तो म्हणतो, काकू, तुमच्यामुळे मराठी टिकलीय. पोरं पाठवत नाहीत, पण म्हणतात. मला वाटलं, लोकच नको म्हणतील आणि मी सुटेन. कुणाला दुखवायलाही नको.” ती शालीची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती. “पाच वर्षं म्हणाले. प्रेमा पाच वर्षं काढते की नाही, देव जाणे.”

सवयीप्रमाणे आभाच्या तोंडून आधी रागच बाहेर पडला. “मला का नाही सांगितलंस मग? एका घरात राहतो आपण!”

“तू विचारलंस कधी?”

“दर रविवारी विचारते!”

“ ‘आई, आज छान झाला ना वर्ग?’ ” आईने तिच्याच चालीत म्हणून दाखवलं. “ ‘बरं वाटतं ना तुला तिथे?’ याला विचारणं म्हणतात का गं? तुला जे ऐकायचं असायचं ते मी म्हणायची. तू दमून आलेली असायचीस.”

टॅक्सी हलली, पाच हात गेली आणि पुन्हा थांबली. आभाला दार उघडून उतरून चालत सुटावंसं वाटलं. सगळ्या हॉलला विचारलं, नऊ नाही म्हणणारे मोजले, आणि शेजारी लाडू वाटत उभ्या असलेल्या आईला तेवढं विचारलं नाही. हौसेने हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आई, कौल खोटा आहे,” ती म्हणाली. “म्हणजे खुणा खऱ्या आहेत. पण प्रश्न मी मुद्दाम तसे केले. कोणाला नाही म्हणताच येऊ नये असे. दिवसही मुद्दाम तोच घेतला.”

“का?”

“तू परत खिडकीशी बसशील म्हणून.”

आईने आभाच्या गुडघ्यावर हात ठेवला. आभाने तो धरून ठेवला. दुसऱ्या हाताने तिने फोन काढला आणि सिद्धेशला लावला.

“सिद्धेश, तो कौल धरू नका. प्रश्न मी वळवले होते. हो, जाणूनबुजून. आईला वर्ग सोडायचाय, ते तुम्हाला माहीतच आहे.”

तो म्हणाला, “काकूंनी शपथ घातली होती, ताई, नाहीतर मीच... बरं, कार्यकारिणीसमोर हे तुम्ही सांगाल?”

“सांगते.” सांगितल्यावर मंडळात काय होईल, हे तिला दिसत होतं. लग्नामुंजीत, गणपतीत, पुढची कित्येक वर्षं लोक गोड हसून म्हणणार होते, आभाला काही विचारायला लावू नका बरं! म्हणोत. तिने फोन ठेवला.

गर्दी सुटली आणि टॅक्सी वेगाने निघाली. आभाच्या जिभेवर शब्द येऊन बसले होते, ‘महिन्याभरात परत येशील ना?’ तिने ते गिळले. गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

“आई, किती दिवस राहायचंय तुला वाईला?” तिने विचारलं, आणि पुढे एक अक्षरही न बोलता थांबली. असं थांबणं तिला फार जड गेलं.

आईने तिच्याकडे नीट बघितलं, खरंच विचारते आहे का ते पाहावं तसं.

“प्रेमा आहे तोवर,” ती म्हणाली.

“बरं,” आभा म्हणाली, आणि फोनवर हावड्याहून पुण्याला जाणारी गाडी शोधू लागली.