अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

माधवरावांनी लोणावळ्यातल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर एका संख्येने त्यांना धरून ठेवलं होतं: ५८८२३५३. तिचे दोन तुकडे करा, ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करून बेरीज घेतली की तीच संख्या परत येते. अशी देखणी संख्या मूळ आहे का, हे त्यांना हाताने भागून पाहायचं होतं. २४२५च्या आतल्या तीनशे साठ मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग जायला नको होता.

११९३पर्यंत ते आले आणि अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांना किती समजतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पत्नी पद्मजाबाई मग त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागल्या.

व्यायाम करवून घ्यायला औंढ्याहून अपेक्षा नावाची मुलगी यायची. एकदा तिने टेबलावरची वही चाळली.

"काकू, हे अर्धंच राहिलंय. तुम्ही करा ना पुढचं. सरांसमोर बसून, मोठ्याने."

पद्मजाबाई रोज सकाळी चार भागाकार करू लागल्या. माधवराव खिडकीकडे बघत पडून असत.

नवव्या दिवशी १४५१ने भागताना बाकी शून्य आली. पद्मजाबाईंचा हात थांबला. म्हणजे ही संख्या मूळ नव्हतीच. क्षणभर वाटलं, सांगूच नये, पान उलटावं. पण ह्या माणसाला खोटी बाकी सांगायची?

"अहो," त्या म्हणाल्या, "भाग गेला. १४५१ने."

माधवरावांनी मान वळवली आणि डावा हात पुढे केला. पद्मजाबाईंनी वही त्यांच्यासमोर धरली. नजर एकेका ओळीवरून खाली सरकत गेली आणि बोट शेवटच्या वजाबाकीवर टेकलं. वर ५८०३ होते, खाली पद्मजाबाईंनी ५८०४ लिहिले होते. भाग चारचा बसतच नव्हता, एकाने कमी पडत होता. माधवरावांनी खुणेने पेन मागितलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात खरी बाकी लिहिली: १४५०.

"तुम्हाला सगळं कळत होतं," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणि मी दोन महिने तुम्हाला..." माधवरावांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

त्यानंतर प्रत्येक भागाकार ते तपासू लागले. चूक असली की बोट ठेवायचे, बरोबर असलं की डोळे मिटायचे. मध्ये ताप आला तेव्हा बारा दिवस वही बंद राहिली. शेवटच्या २४२३ने भागून १७३२ उरले, तेव्हा मार्गशीर्ष लागला होता.

"मूळ आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. माधवरावांनी तो भागाकार दोनदा पाहिला आणि डोळे मिटले.

वाचा काही परत आली नाही. पुढे ते दीड वर्ष होते. गोळ्या बदलायच्या का, मुलीला, इरावतीला, आलेलं स्थळ कसं आहे, सगळं पद्मजाबाई त्यांच्यासमोर बसून विचारत आणि उत्तरासाठी थांबत.