रनाळ्याच्या दवाखान्यातला पारा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारा एक जुना डबा आहे. झाकण उघडले की आत काचेची उभी नळी आणि तिच्यात चकचकीत पारा. माझी सारी उमर रनाळ्याच्या दवाखान्यात गेली. समोर सरपंच असो की मजूर, मी भीडभाड न ठेवता खरे सांगितले. इथल्या सफाईवाल्या गजराबाईची सून गरोदर असताना तिचा दाब भलताच चढला. तो मीच दाखवला. तिला वेळेत नंदुरबारला हलवले आणि गजराबाईची नात मयूरी सुखरूप जन्मली. तेव्हापासून गजराबाई मला रोज मऊ फडक्याने पुसायची. खोटे कशाला बोलू, मी पार फुशारून गेलो होतो.

मग सरकारचा हुकूम आला, पाऱ्याची उपकरणे बंद करा. पारा विषारी आहे म्हणे. सांडला की त्याची वाफ छातीत जाते, नदीनाल्यात उतरला की माशांत शिरतो. माझ्या जागी सेलवर चालणारे, टुकटुक करणारे एक यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. कामापुरता मामा! फार वाईट वाटले. इतके जीव राखले, आणि विषारी मीच?

परवा नईमा सिस्टर मला पाऱ्याची उपकरणे गोळा करणाऱ्या जिल्ह्याच्या गाडीत द्यायला खोक्यात बांधत होत्या. गजराबाई हळूच जवळ आली. आमच्याकडे गव्हाला कीड लागू नये म्हणून कोठीत पारा ठेवतात.

"सिस्टर, फेकनाच शे ना तो? मंग माले द्या. गहूमा ठेवसू, किडा लागाव नही."

सिस्टरांचे हात थांबले. "मावशी, जो किडासले मारस, तो मयूरीले सोडी का?"

गजराबाई घरी गेली आणि एक बाटली घेऊन परतली. मागे दवाखान्यात थर्मामीटर फुटला होता. त्यातल्या पाऱ्याचे मणी तिने कागदावर गोळा करून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत जपले होते. दुसऱ्याच दिवशी कोठीत गहू भरायचा होता.

"मी मन्ही नातले इख चारनार व्हतू," म्हणत तिने बाटली सिस्टरांपुढे ठेवली. सिस्टरांनी तिला पाणी दिले, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायला सांगितला आणि बाटली घट्ट बंद करून माझ्या शेजारी ठेवली.

मित्रांनो, माझा कुणी भाऊबंद तुमच्या फळीवर पडला असेल, तर त्याला फोडू नका. पाऱ्याच्या गोळ्या तळहातावर खेळवू नका, कचऱ्यातही टाकू नका. मोठ्यांना सांगून जवळच्या दवाखान्यात पोचवा. आता गाडी आली आहे. गजराबाईने मला शेवटचे पुसले नाही, लांबूनच हात जोडले. तिने जवळ येऊ नये असेच मलाही वाटत होते.