लोरिवालसाहेबांना काडी कोण लावणार

इल्देवेर चाळीस वर्षं आंस-मोरेल गावच्या कार्निव्हलचा राजा बनवत होता. बांबू, काथ्या, कागदाचा लगदा आणि वर रंग. फ्रान्सच्या ताब्यातल्या मार्टिनिक बेटावर या पुतळ्याला वावल म्हणतात. चार दिवस त्याला मिरवायचं आणि राखेच्या बुधवारी, दिवस मावळताना, समुद्रकाठी रडत रडत जाळायचं. तेव्हा कुठे कार्निव्हल संपतो आणि उपास सुरू होतात.

यंदा इल्देवेरने राजा केला तो म्हाताऱ्या लोरिवालसाहेबांचा. साहेब कवी, आणि नुकतेच पायउतार होईपर्यंत तीस वर्षं गावचे मेयरही. खासदार म्हणून पॅरिसच्या संसदेत ते गोऱ्या सत्तेची तिच्याच फ्रेंचमध्ये अशी सालटी काढायचे, की समोरचे आधी टाळ्या वाजवायचे आणि घरी जेवायला बसल्यावर त्यांना अपमान कळायचा. त्यांच्या कविता गावात सगळ्यांना पाठ होत्या, कळत मात्र कुणालाच नव्हत्या. इल्देवेरला एवढंच कळत होतं, की तो आठ वर्षांचा असताना याच माणसाने त्याला उसाच्या फडातून हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते. बोलायला गेला की हवापाण्यावर बोलून परत यायचा. म्हणून हा पुतळा. साहेबांच्या मोलकरणीला लोणी लावून त्याने साहेबांची खरी टोपीसुद्धा पळवून आणली.

बायकोने, युफ्रासीने, पुतळा चारी बाजूंनी पाहिला.

"छान झालाय हो. पण बुधवारी याला जाळायचंय, ते लक्षात आहे ना?"

इल्देवेरच्या हातातला ब्रश गळून पडला. प्रेमाच्या भरात तेवढंच विसरलं होतं. पण तोवर ढोलवाले राजाला न्यायला दारात हजर.

मिरवणुकीत वेगळाच घोळ. म्हाताऱ्या बायका जुन्या सवयीने पुतळ्याच्या खिशात अर्ज घालू लागल्या. छप्पर गळतंय, नळाला पाणी नाही, जावई ऐकत नाही. मंगळवारपर्यंत राजाचे खिसे फुटायला आले.

बुधवारी, रिवाजाप्रमाणे, पुरुष काळेपांढरे झगे घालून राजाच्या विधवा बनून आले. दरवर्षी खोटं रडणारे हे लोक यंदा खरंच हुंदके देऊ लागले. मिशा भिजल्या. मशाल हातोहात फिरली, पण लावायला कुणी तयार होईना. गवंडी म्हणाला, माझ्या घराचा कागद साहेबांनी करून दिला. मासेवालीला बाजारात गाळा त्यांच्यामुळे मिळालेला. शेवटी मशाल आली फुल्बेरकडे, साहेबांविरुद्ध चार निवडणुका हरलेल्या माणसाकडे.

"मी? म्हणजे उद्या म्हणाल, सूड घेतला," फुल्बेर म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आणि माझ्या पोरीच्या शिक्षणाचं त्यांनीच बघितलं. घ्या ती मशाल परत."

जाळलं नाही तर कार्निव्हल संपणार नाही, आणि जाळलं तर चाळीस वर्षांत जमलेलं एकमेव आभारप्रदर्शन राख. इल्देवेर घामाने निथळला. एवढ्यात काठी टेकत साहेबच आले.

"इल्देवेर, नाक माझं एवढं नाहीये. आणि टोपी माझी आहे. चार दिवस घर पालथं घालतोय."

इल्देवेर शिडी लावून वर चढला. टोपी काढून खाली आला, ती दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली आणि एकदाचं बोलून टाकलं.

"साहेब, तुम्हाला जाळायचं नव्हतं हो मला. आभार मानायचे होते. शाळेचे."

साहेबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"गोऱ्यांनी मला तीनदा जाळलंय, पुतळा करून. रागानं. रडून रडून काडी न सापडणारं गाव आज पहिल्यांदा पाहिलं. आणखी काय हवं रे माणसाला?"

मग त्यांनी पुतळ्याचे खिसे रिकामे करवले आणि अर्जांचा गठ्ठा नव्या मेयरबाईंच्या ओंजळीत ठेवला. बाईंचा चेहरा पडला. मशाल साहेबांनी आणि इल्देवेरने मिळून लावली. सगळ्यात मोठ्याने फुल्बेर रडला.

कोट गेला, हात गेले, डोकंही गेलं. नाक मात्र बराच वेळ धुमसत होतं.

"सांगत होतो ना, मोठं झालंय," साहेब म्हणाले.

"हो साहेब," इल्देवेर डोळे पुसत म्हणाला. "तिथे लगदा जास्तीचा घातला होता."