मोरीची किल्ली

"लोकं ऐतवारी पोरीला बीचवर न्हेत्यात, आईस्क्रीम चारत्यात. आमचं ध्यान चिखलातलं लोखंड उपसाय निघालं," पत्र्याच्या भिंतीपलीकडं भाकरी थापता थापता सुष्मिता पुटपुटत होती. सुष्मिता माझी धाकटी जाऊ. भिंत पत्र्याची असली की शेजारणीचं मन फुकटात ऐकू येतं.

ध्यान म्हणजे माझा दीर, विजयकुमार. गिंडीला लेथच्या कारखान्यात कामाला. तिथनंच त्यानं भाकरीएवढं लोहचुंबक आणलं, त्याला नायलॉनची दोरी बांधली आणि उन्हाळा लागल्यापासनं दर ऐतवारी नऊ वर्षांच्या लेकीला, ऊर्मीला घेऊन एरीवर जाऊ लागला. इकडं तळ्याला एरी म्हणतात. चेन्नई वाढत वाढत आमच्या वेशीला येऊन टेकली, तरी एरी अजून आहे आणि तिच्याखाली दोन एकर भात आम्ही अजून करतो. जमीन गावातल्याच, मूळ तंजावरी मराठी बालाजीरावांची, कंबर आमची. सासरे खानापूर तालुक्यातनं सोनं गाळायच्या कामाला इकडं आले, भट्टीच्या धुरानं त्यांची छाती गेली, तेव्हा ही जमीन कसायला धरली.

ऊर्मीला त्या चुंबकाचं याडच लागलं. कोयता निघाला, सायकलची साखळी निघाली, एकदा डोशाचा तवा निघाला, तो घासून सुष्मितानं चुलीवर चढवलासुद्धा. चहाच्या टपरीवर मात्र कुजबुज सुरू झाली. सोनं गाळणाऱ्यांची माणसं, बुडालेली देवाची सोन्याची मूर्ती शोधत असणार.

"सोन्याला चुंबक लागत नाही, एवढं तरी शिका," मी टपरीवाल्याला तमिळमधून सुनावलं.

"मग काय शोधतात, अक्का?" त्यानं विचारलं.

मी दूध घेतलं आणि चालू लागले. कारण एरीकाठी हरवलेली एकच लोखंडी वस्तू साऱ्या गावाला ठाऊक होती, आणि आमच्या घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं.

ती म्हणजे एरीच्या मोरीची किल्ली. हातभर लांब, वर आडवी मूठ. ती घालून फिरवली की मोरीचं दार उघडतं आणि पाणी शेतात उतरतं. किल्ली मुनुसामीकडं असायची. पाणी सोडायचं काम त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांचं. मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या मार्गशीर्षातल्या, वादळात एरी तुडुंब झाली. मुनुसामी भर दुपारी दार उघडायला गेला तर खुंटीवर किल्लीच नाही. पाणी मागं फिरलं आणि वरच्या आळीत कंबरेएवढं शिरलं. त्याच्या सहा शेळ्या दावणीलाच मेल्या. लोक म्हणाले, प्याला असेल, कुठंतरी टाकून आला. काम गेलं. आता ह्या ऐतवारी संध्याकाळी अम्मनच्या देवळापुढं बैठक होती, त्याच्या जागी कायमचा दुसरा माणूस नेमायला.

मुनुसामी दर ऐतवारी बांधावर नुसता बसून असायचा, विजयकुमारच्या दोरीकडं बघत.

त्या सकाळी आमचे हे, राणोजी, दारातच आडवे आले.

"आज कुठं?"

"एरीवर, दादा. पोरगी मागं लागलीया."

"पोरगी मागं लागती का तू पोरीला फुडं करतोस? दुसऱ्याच्या पाण्यात हात घालू नगं. आपुन परमुलखातली माणसं."

"चाळीस वर्सं झाली की दादा. अजून परमुलूखच?"

"जास्त बोलू नगंस."

विजयकुमार खाली बघून चप्पल घालत राहिला. थोरल्या भावाला उलटून बोलायची आमच्यात रीत नाही. बाप गेल्यावर ह्यांनीच त्याला शिकवला, लग्न करून दिलं. पण मी बघत होते. पहिले दोन ऐतवार तो मोरीजवळ चुंबक टाकत होता. मग वीस पावलं सरकला. आता तो आमच्या धुण्याच्या दगडापाशी पोचला होता, जिथं मुनुसामी कधी पाय ठेवत नाही. मासा शोधणारा माणूस सगळीकडं गळ टाकतो. हा माणूस कुठं टाकायचा ते ठरवून आलेला.

धुण्याचं बोचकं घेऊन मी त्यांच्या मागोमाग गेले. थोड्या वेळानं हेही आले, हातात खुरपं घेऊन. खुरपायला त्या बांधावर गवतसुद्धा नव्हतं, नुसती भेगाळलेली काळी माती.

"काकू, लागलं," ऊर्मी म्हणाली. "जड हाय. अप्पा, हळू, सुटंल."

"खेच तू. मी हाय मागं."

गाळाचा बुडबुडा आला, मग वास आला, मग नायलॉनच्या सुतळीनं आवळलेलं फडक्याचं एक बोचकं वर आलं. चुंबक त्याला बाहेरनंच घट्ट धरून बसलेलं. मुनुसामी बांधावरनं उठला. सकाळच्या फेरीला निघालेले बालाजीराव काठी टेकत तिथंच थांबले.

विजयकुमारनं सुतळी कापली. आतनं मोरीची किल्ली निघाली.

मुनुसामीनं ती हातात घेतली नाही. नुसतं बोट लावलं, गंजावरनं फिरवलं.

"किल्ली कोणी गुंडाळून टाकत्ये काय पा?" बालाजीराव म्हणाले. "पिऊन पडलेला माणूस सुतळी बांधीत बसतो?"

"वाहून आलं आसंल," आमचे हे म्हणाले. "पुराचं काय सांगावं. कुठलं कुठं जातं."

"चाळीस पावलं मागं? चढाला?" विजयकुमार पाण्याकडं बघत म्हणाला. भावाकडं त्यानं बघितलंच नाही.

ऊर्मी ते फडकं पाण्यात खळबळत होती. गाळ निघत गेला तसे त्यावरचे टाके दिसू लागले. जवळ जवळ, रांगेनं, कोपऱ्यात वळवून घेतलेले. गोधडीचा तुकडा. ह्या गावात गोधडी शिवता येणाऱ्या बाया दोनच, आणि सुष्मिताला सुई धरायचा कंटाळा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी भाताच्या पोत्यावरची गोधडी अर्धी फाटलेली मी बघितली होती. उंदरांनी खाल्ली, असं मनाला सांगून उरलेली घडी करून ठेवली होती. लोंबीला आलेलं आमचं भात होतं, मोरी उघडली असती तर बुडालं असतं. तरीही ते वाऱ्यानं आडवं झालंच आणि तिथंच कुजलं.

विजयकुमारनं माझ्याकडं बघितलं. वादळाच्या दिवशी त्यालाही काहीतरी दिसलं असणार. भावाच्या तोंडावर बोलता येईना, म्हणून पोरीचा छंद काढून त्यानं पाण्याला बोलतं करायचं ठरवलं. पाणी तर बोलून मोकळं झालं होतं.

"चला घरला," हे मला म्हणाले. "जेवायचं बघ."

मी धुण्याचं बोचकं खाली ठेवलं. ऊर्मीच्या हातनं ते फडकं घेतलं, पिळलं आणि मुनुसामीपुढं धरलं. त्याला कळावं म्हणून तमिळमध्येच बोलले.

"मुनुसामी, हे टाके माझ्या हातचे. किल्ली तू हरवली नाहीस. आमच्या ह्यांनी टाकली."